वळीव आणि झड : पाच दिवसांच्या अंदाजसाराच्या प्रकल्प नोंदी, मे-जून २०२५

१७ मे २०२५, शनिवार

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. प्रकल्प छोटा आहे. भारतीय हवामान विभाग पुढील पाच दिवसांसाठी जिल्हानिहाय जे रंगांचे इशारे (चढत्या क्रमाने पिवळा, नारिंगी, लाल) देतो, त्यांवरून फलटण, बारामती, इंदापूर आणि माळशिरस या चार तालुक्यांपुरता रोज एका पानाचा अंदाजसार तयार करायचा, तो दुपारनंतर आमच्या शेतकरी गटाच्या सदस्यांना पाठवायचा आणि शेवटी आपण लिहिलेले किती उतरले ते तपासायचे. आम्ही स्वतः अंदाज वर्तवीत नाही. अधिकृत अंदाज वाचून त्याचा आमच्या रानापुरता अर्थ लावतो. हे वाक्य पानाच्या माथ्यावरच छापायचे ठरले आहे, कारण एकदा का कागदावर तारीख आणि रंग दिसला, की तो कोणाचा हे पुढे कोणी विचारीत नाही.

चार तालुके तीन जिल्ह्यांत विभागलेले आहेत. फलटण साताऱ्यात, बारामती आणि इंदापूर पुण्यात, माळशिरस सोलापुरात. हवामान विभागाच्या दृष्टीने मात्र हे सगळे मध्य महाराष्ट्र या एकाच उपविभागात मोडतात. अडचण इथूनच सुरू होते. महाबळेश्वर आणि फलटण हे दोन्ही सातारा जिल्ह्यातच, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. पण एका ठिकाणी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी पाचशेच्या आसपास. सातारा आणि पुणे जिल्ह्यांचा घाटमाथा आता इशाऱ्यांत वेगळा दाखवला जातो ही मोठीच सोय आहे, पण सदस्यांपैकी बरेच जण जिल्ह्याचे नाव आणि रंग एवढेच पाहतात आणि घाटाचा इशारा आपल्या शिवारावर लावून मोकळे होतात.

१८ मे, रविवार

शब्दांचा तक्ता केला. आजचा सगळा दिवस त्यातच गेला आणि तो वाया गेला असे वाटत नाही.

हवामान विभागाच्या पत्रकात पावसाची व्याप्ती सांगण्यासाठी चार शब्दप्रयोग येतात: तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी आणि बहुतांश ठिकाणी. त्यांचा अर्थ ठरलेला आहे. उपविभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, २६ ते ५० टक्के असेल तर काही, ५१ ते ७५ टक्के असेल तर बऱ्याच आणि त्यापुढे बहुतांश. म्हणजे 'तुरळक' हा शब्द किती ठिकाणी पडेल ते सांगतो, किती पडेल ते सांगत नाही. आमच्या गटातल्या एका जाणत्या शेतकऱ्यांना मी 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे शब्द वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "तुरळक म्हणजे थोडाच ना, सर? मग मुसळधार कसा?" प्रश्न बरोबर आहे. बोलीत तुरळक पाऊस म्हणजे चार थेंब. पत्रकात तुरळक ठिकाणी म्हणजे थोड्याच गावांत, पण तिथे दोनशे मिलिमीटरही पडू शकतो. अंदाजसारात हा शब्द वापरायचाच नाही, 'चारपैकी एखाद्या तालुक्यात' असे सरळ लिहायचे.

दुसरा गोंधळ मोजमापाचा. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. महसूल खात्याच्या भाषेत मात्र मंडलात २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी, आणि तिथून पंचनाम्याची गोष्ट सुरू होते. म्हणजे एका खात्याची पहिली पायरी ती दुसऱ्याच्या लेखी अतिवृष्टी. शेतकऱ्याच्या खिशाशी संबंध दुसऱ्या शब्दाचा आहे, म्हणून तो तोच लक्षात ठेवतो. तक्त्यात दोन्ही शेजारी-शेजारी छापले आहेत, आणि खाली एक ओळ: एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी. ही ओळ वाचून लोक थांबतात असा अनुभव आहे.

१९ मे, सोमवार

पहिला अंदाजसार पाठवला. विभागाच्या पत्रकातील महत्त्वाची बाब अशी, की २१ तारखेच्या सुमारास पूर्वमध्य अरबी समुद्रात कर्नाटक किनाऱ्यालगत चक्राकार वारे तयार होण्याची, त्यातून २२ च्या सुमारास कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होण्याची आणि ते उत्तरेकडे सरकताना आणखी तीव्र होण्याची शक्यता आहे. केरळातील मॉन्सूनच्या आगमनाबद्दल विभागाने आधीच २७ मे ही तारीख चार दिवस मागे-पुढे धरून सांगितली होती.

आमच्या पानावर मी पाच दिवसांचे पाच चौकोन आखले आणि प्रत्येकात एक रंग भरला. दिसायला नीटस झाले आहे, पण एक गोष्ट खटकते आहे. पहिल्या दिवसाचा पिवळा आणि पाचव्या दिवसाचा पिवळा शेजारी-शेजारी ठेवले की ते सारखेच खात्रीचे वाटतात. तसे ते नाहीत.

२० मे, मंगळवार

दुपारी दोननंतर ढग उभे राहिले, चारच्या सुमारास आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब, आणि पाऊण तासात सगळे संपून ऊन पडले. शेजारच्या गावात रस्तासुद्धा भिजला नाही. वळीव म्हणतात तो हा.

आज सदस्यांना वळवाची जडणघडण समजावून सांगितली. तिचा सारांश इथे ठेवतो. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, गोवा अशा केंद्रांवरून फुगे सोडले जातात आणि ते वर जाताना तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. मे महिन्यातल्या सकाळी बहुधा असे दिसते, की खाली समुद्रावरून आलेली दमट हवा आहे, वर कोरडी हवा आहे आणि मध्ये तुलनेने उबदार थराचे झाकण आहे. जमीन तापत गेली की दुपारी हे झाकण एखाद्या ठिकाणी फुटते आणि खालची हवा ज्या जोराने वर उसळते तो जोर 'केप' या मापाने मोजतात. झाकण मुळीच नसेल तर दिवसभर किरकोळ ढग होत राहतात. झाकण फार घट्ट असेल तर काहीच होत नाही. ते दुपारपर्यंत टिकून मग फुटले, तर सगळी साठलेली शक्ती एकदम बाहेर पडते. नेमके कोणत्या गावावर फुटेल हे पाच दिवस आधी तर राहोच, त्याच दिवशी सकाळीही सांगता येत नाही.

वाऱ्याचे कारणही तिथेच आहे. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या थरातून येताना काही अंशी वाफ होऊन जातात, त्यामुळे ती हवा गार आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. म्हणूनच पावसाआधी सोसाट्याचा वारा येतो, आणि कित्येकदा पाऊस नावालाही नसताना नुकसान वारा करून जातो. गेल्या वर्षी १३ मे रोजी मुंबईत घाटकोपरला अशाच धुळीच्या वादळात महाकाय जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसे दगावली. ताशी ४१ ते ६१ किलोमीटर वाऱ्याला पत्रकात मध्यम वादळ म्हणतात आणि त्यापुढे तीव्र. पोल्ट्रीच्या शेडचे पत्रे मात्र 'मध्यम' शब्द ऐकून थांबत नाहीत.

२१ मे, बुधवार

पानाची रचना बदलली. दोन दिवसांच्या प्रश्नोत्तरांवरून लक्षात आले, की एकाच पिवळ्या रंगाखाली आपण दोन निराळी संकटे कोंबतो आहोत. 'विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस' या इशाऱ्याचा पिवळा आणि 'मुसळधार पाऊस' या इशाऱ्याचा पिवळा यांत शेतकऱ्याने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात जनावरे झाडाखालून हलवायची, दुपारी रानात लोखंडी पाइप हाताळायचे नाहीत, काढलेला कांदा झाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचा. दुसऱ्यात चर मोकळे करायचे, ओढ्याकाठची मोटार काढून घ्यायची, आणि कांदा झाकून भागत नाही, तो हलवावाच लागतो, कारण पाणी वरून नव्हे, खालून शिरते.

म्हणून आता प्रत्येक दिवसाला दोन ओळी असतील. पहिली ओळ 'वळीव': वीज, वारा, गारा, दुपार ते रात्र. दुसरी ओळ 'झड': एकूण पाणी, किती तास, ओढे-नाले. रंग दोन्ही ओळींना वेगळा. विभागाच्या पत्रकात इशाऱ्याचे कारण शब्दांत दिलेलेच असते, आम्ही ते रंगाच्या मागून पुढे आणले इतकेच.

खात्रीचीही पायरी ठरवली. पहिल्या दिवसासाठी तालुका आणि दिवसाचा प्रहर दोन्ही लिहायचे. दुसऱ्या दिवसासाठी तालुका लिहायचा, प्रहर नाही. तिसऱ्यासाठी चारही तालुके मिळून एकच वाक्य. चौथ्या-पाचव्यासाठी फक्त 'वळवाचे दिवस' की 'झडीचे दिवस' एवढेच, आणि त्यापुढे रंग अजिबात भरायचा नाही, तिरप्या रेघा मारायच्या. एका सदस्याने विचारले, की मग पाचव्या दिवसाचा उपयोग काय. उपयोग आहे: कांदा काढायला मजूर सांगायचे की थांबायचे, हे पाच दिवस आधीच ठरवावे लागते आणि त्या निर्णयाला प्रहर लागत नाही.

२२ मे, गुरुवार

कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. वेळापत्रक १९ तारखेला सांगितल्याप्रमाणे.

गटात दिवसभर 'शक्ती' नावाच्या चक्रीवादळाचे संदेश फिरत होते. असे वादळ अस्तित्वात नव्हते. कमी दाब, मग ठळक कमी दाब, मग डिप्रेशन, मग तीव्र डिप्रेशन आणि त्यानंतर वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोहोचला तरच ते चक्रीवादळ ठरते. नावही तेव्हाच मिळते. चक्रीवादळांच्या नावांची यादी आधीच ठरलेली असते आणि तिच्यातले पुढचे नाव कोणीही वाचू शकतो, त्यामुळे बाळाच्या जन्माआधीच बारसे उरकले जाते. अंदाजसारात तीन वाक्यांचा खुलासा टाकला.

२३ मे, शुक्रवार

ठळक कमी दाबाचे क्षेत्र आता दक्षिण कोकण-गोवा किनाऱ्यालगत आहे. आज सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर गेला, की ते उत्तरेकडे समुद्रातूनच सरकत राहणार की पूर्वेकडे वळून जमिनीवर येणार. आमच्यासाठी सगळा फरक त्यात आहे. समुद्रातून वर गेले, तर दमट वारे कोकणावर आणि घाटमाथ्यावर पाऊस टाकतील आणि घाटाच्या पूर्वेला आमच्या वाट्याला नेहमीचा पर्जन्यछायेचा कोरडेपणा येईल. केंद्रच घाट ओलांडून इकडे आले, तर पर्जन्यछाया हा शब्द त्या दोन दिवसांपुरता पुसून टाकावा लागेल, कारण मग वारे फक्त पश्चिमेकडून येत नाहीत, केंद्राभोवती सगळ्या बाजूंनी खेचले जातात.

हवामानाचे गणित मांडणाऱ्या निरनिराळ्या संगणकीय प्रारूपांचे नकाशे एकमेकांशी जुळत नव्हते. विभागाचा कल किनारा ओलांडण्याकडे होता. आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसासाठी 'झड' ओळीत पिवळा भरला. नोंद म्हणून लिहून ठेवतो, की मी स्वतः नारिंगी भरायच्या विचारात होतो, पण मे महिन्यात फलटण-इंदापूरला झड लागल्याचे गटातल्या कोणाच्याच आठवणीत नसल्यामुळे हात आखडला. आठवण हा पुरावा धरला, ही चूक.

रडारबद्दल एक टीप. मुंबई आणि गोवा येथील रडारची चित्रे आम्ही पाहतो, पण दोन्ही आमच्यापासून बरीच दूर आहेत. रडारचा किरण अर्ध्या अंशाच्या कोनात निघाला, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर आणि दोनशे किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो. मध्ये सह्याद्री आडवा येतो तो वेगळाच. वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच असतो, त्यामुळे तो दिसतो. झडीचा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो, तो किरणाच्या खालीच राहू शकतो. पडद्यावर फिकट रंग आणि दारात धो-धो पाणी, असे होऊ शकते.

२४ मे, शनिवार

पहाटे डिप्रेशन झाले आणि सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबाराच्या दरम्यान रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये ते किनारा ओलांडून जमिनीवर आले. आजच मॉन्सून केरळात दाखल झाल्याचे विभागाने जाहीर केले. नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी, आणि २००९ नंतरचे सर्वांत लवकरचे आगमन.

संध्याकाळच्या अंदाजसारात मी असे लिहिले: 'डिप्रेशन जमिनीवर आल्याने त्याची तीव्रता कमी होत आहे. विजांचे प्रमाणही घटले आहे. ओढ्याकाठी सावधगिरी ठेवावी.' वाक्ये खरी आहेत. त्यांचा एकत्रित सूर चुकीचा आहे. हे आज नव्हे, उद्या रात्री कळले. पण ज्या दिवशीची चूक त्या दिवसाखालीच नोंदवायची असा नियम केल्यामुळे हा परिच्छेद नंतर येऊन इथे लिहिला आहे.

तीव्रता कमी होते ती वाऱ्याची. डिप्रेशनची वर्गवारीच मुळी वाऱ्यावरून होते, ताशी ३१ ते ४९ किलोमीटर. जमिनीवर घर्षणाने वारा मंदावतो आणि नाव एक पायरी खाली उतरते; पण समुद्रावरून खेचून आणलेली आर्द्रता तशीच असते, आणि केंद्र मंद गतीने सरकत असेल तर एकाच पट्ट्यावर अधिक वेळ पाऊस पडतो. विजा घटल्या हेही दिलासा देणारे लक्षण नव्हते. हवा खालपासून वरपर्यंत ओली झाली, की उसळीचा जोर कमी होतो, वीज कमी चमकते आणि पाऊस थांबत नाही. वळीव संपला आणि झड सुरू झाली याची ती खूण होती. दोन ओळींचे पान मीच आखले आणि पहिल्या ओळीतले लक्षण दुसऱ्या ओळीचे म्हणून वाचले.

२५ मे, रविवार

आज रोहिणी नक्षत्र लागले. एरवी रोहिणीत पेरणीपूर्व नांगरट आटोपते; आज नांगर चिखलात.

पहाटेपासून एकसारखा पाऊस. गडगडाट नाही, वारा नाही, नुसती धार. ठळक कमी दाबाचे क्षेत्र मराठवाडा आणि लगतच्या मध्य महाराष्ट्रावर म्हणजे जवळजवळ आमच्या डोक्यावर होते. दुपारपर्यंत गटातल्या तिघांची पर्जन्यमापके काठोकाठ भरली. त्यांपैकी एकाने मोजून ओतण्याआधीच ती वाहू लागल्यामुळे आजचा त्यांचा आकडा धरता येणार नाही. पुढच्या वेळी झडीच्या दिवशी तीन-तीन तासांनी मोजून ओतायचे, असे सर्वांना कळवले आहे.

बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी वस्त्यांत व शेतांत शिरले. बारामती आणि इंदापूरसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पाठवण्यात आली. हा कालवा वीर धरणाकडून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर असा पूर्वेकडे जातो, आणि वाटेत उत्तर-दक्षिण वाहणारे कितीतरी ओढे त्याला आडवे येतात. अवर्षणप्रवण तालुक्याला पाणी पोचवण्यासाठी ब्रिटिश काळात बांधलेल्या या कालव्याकडे आम्ही आजवर फक्त पाळीपाळीने मिळणाऱ्या पाण्याच्या हिशेबाने पाहत आलो. उताराला आडवी गेलेली मातीची भिंत म्हणून त्याच्याकडे पाहिले नव्हते. झडीच्या ओळीत कालव्याखालच्या वस्त्यांचा वेगळा उल्लेख हवा होता. तो नव्हता.

दुपारी तीनला अंदाजसाराची जादा प्रत काढली: झड नारिंगी, ओढे-कालवे यांच्यापासून दूर राहण्याची स्पष्ट सूचना, मोटारी काढण्यासाठी पाण्यात उतरू नये असे ठळक. उशीर झाला होता.

आजच मॉन्सून देवगडपर्यंत आला, म्हणजे महाराष्ट्रात दाखल झाला.

२६ मे, सोमवार

मॉन्सून मुंबई, पुणे आणि सोलापूरपर्यंत पोचला. मुंबईत ११ जून ही नेहमीची तारीख. याआधीचे सर्वांत लवकरचे आगमन २९ मेचे होते आणि ते १९५६, १९६२ व १९७१ या वर्षी झाले होते. कुलाब्याला सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत १३५ मिलिमीटर पाऊस झाला, सांताक्रूझला याच काळात ३३ च्या आसपास. एकाच शहरातील दोन केंद्रांत चौपट फरक. सकाळीच मुंबईचा इशारा लाल करण्यात आला. कुलाब्याचा मे महिन्याचा एकूण पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला आणि १९१८ मधला २७९.४ चा विक्रम मोडला. एकशेसात वर्षांपूर्वीचा आकडा दशांशासह उपलब्ध आहे याचे मला विक्रमापेक्षा जास्त कौतुक वाटते. कोणीतरी रोज सकाळी त्या नळकांड्याशी गेले होते.

योगायोग असा, की आजच दिल्लीत 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे प्रारूप अधिकृतपणे कार्यान्वित झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ते विकसित झाले असून त्याच्या जाळीचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. आधीचा १२ किलोमीटरचा होता. म्हणजे जिथे पूर्वी एक चौकोन होता तिथे आता चार. इंदापूरसारख्या तालुक्याला याचा फायदा व्हावा. तरी वळवाचा ढग कित्येकदा ६ किलोमीटरपेक्षाही लहान असतो, तेव्हा 'आमच्या गावात पडणार का' या प्रश्नाचे उत्तर अजूनही पाच दिवस आधी मिळणार नाही.

२८ मे, बुधवार

पाऊस ओसरला. पडताळणीला बसलो.

पहिली अडचण तारखेची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि आकडा मोजणीच्या तारखेवर टाकतात. म्हणजे रविवारी दिवसभर पडलेला पाऊस नोंदीत २६ तारखेखाली येतो. आम्ही अंदाजसारात 'रविवार, २५' असे लिहिले होते आणि महसूल मंडलाच्या २५ तारखेच्या आकड्याशी ताडून पाहिले, तेव्हा आमचा अंदाज फसलेला दिसला. एक दिवस सरकवल्यावर चित्र बदलले. असे सरकवणे सोयीचे वाटते म्हणून करायचे नाही, तर नियम म्हणून आधीच करायला हवे होते. यापुढे पानावर 'रविवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत' असे पूर्ण लिहायचे.

वळवाच्या ओळीचा हिशेब समाधानकारक आहे. ज्या दिवशी दुपारनंतर वादळी पावसाचा इशारा लिहिला, त्या प्रत्येक दिवशी चारपैकी किमान एका तालुक्यात गडगडाट झाला. पण यात फुशारकी नाही. मेच्या उत्तरार्धात चार तालुक्यांच्या पसाऱ्यात रोज 'कुठेतरी गडगडेल' म्हणणे फार अवघड नसते. झडीच्या ओळीत पाचव्या आणि चौथ्या दिवशीचे 'झडीचे दिवस' हे वाक्य बरोबर ठरले, आणि पहिल्या दिवशीचे, म्हणजे सर्वांत जवळचे, सर्वांत चुकले. दहा दिवसांच्या आकड्यांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, म्हणून काढली नाही. पण दुरून दिसलेला डोंगर पायथ्याशी आल्यावर दिसेनासा व्हावा, तसे हे झाले आहे, आणि कारण हवेत नसून माझ्या २४ तारखेच्या परिच्छेदात आहे.

विजेपासून गटात कोणालाही इजा झाली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा मी पहिल्याच दिवशी सांगितला होता. लोकांना प्रत्यक्षात उपयोगी पडली ती मात्र दोन साधने. एक, 'दामिनी' हे ॲप, जे आसपास वीज पडत असल्यास सूचना देते. दुसरे, मोजणे: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, आडोशाला जायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. शाळकरी मुलांनी हे घरच्यांना शिकवले.

२ जून, सोमवार

गटात एकच प्रश्न: पेरायचे का? जमिनीत ओल भरपूर आहे, वाफसा येतो आहे, आणि मॉन्सून 'आला' हे सरकारी शब्दांत जाहीर झाले आहे. कृषी विभाग आणि हवामान विभाग दोघांचेही सांगणे आहे, की पेरणीची घाई करू नये. मॉन्सूनची उत्तर सीमा २९ तारखेपासून मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद या रेषेवर थांबून आहे.

अंदाजसारात तिसरी ओळ घातली: 'उघडीप'. पुढील पाच दिवसांत किती दिवस कोरडे जाण्याची शक्यता आहे, एवढेच त्यात. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा हा विद्यापीठांचा निकष सगळ्यांना पाठ आहे, आणि तो तर एका रविवारातच पुरा झाला असे काहींचे म्हणणे. पण निकषामागचा विचार असा, की पेरल्यानंतरही पाऊस येत राहील. मेच्या झडीने निकष भरला, पुढची हमी दिली नाही. पाच दिवसांचा अंदाज या प्रश्नाला पुरत नाही, म्हणून दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा विभागाचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज शुक्रवारच्या पानावर दोन वाक्यांत द्यायचे ठरले.

९ जून, सोमवार

सीमा जागची हललेली नाही. दुपारी पारा चढतो, संध्याकाळी एखाद्या बाजूला वळवाचे ढग उभे राहतात. वळीव पिवळा, झड कोरी, उघडीप पाच दिवस.

नव्या पानाचा अंतिम मसुदा आज गटापुढे ठेवला आणि दोन दुरुस्त्यांसह तो मान्य झाला. पहिली दुरुस्ती, कालव्याखालच्या आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांची यादी पानाच्या मागच्या बाजूला कायम छापायची आणि झड नारिंगी झाली की त्या वस्त्यांतील एकेका सदस्याला फोनच करायचा, संदेशावर अवलंबून राहायचे नाही. दुसरी दुरुस्ती त्याच जाणत्या शेतकऱ्यांनी सुचवली: 'तीव्रता कमी होत आहे' हे शब्द लिहायचे असतील, तर पुढे कंसात 'वाऱ्याची' की 'पावसाची' ते लिहिल्याशिवाय पान पाठवायचे नाही. तसा रिकामा कंस नमुन्यातच छापून घेतला आहे.